खिळ्यावरची पिन

१

रेडिएटरची सकाळ शिव्यांनी सुरू व्हायची. पहिली शिवी शटरला, कारण ते उजवीकडून वर जायचं आणि डावीकडून अडून बसायचं. दुसरी शेजारच्या लेथवाल्याला, कारण तो आधीच येऊन, चहा ढोसून, वर "आलात का साहेब?" म्हणून दात काढायचा. तिसरी कोणाच्या वाट्याला येईल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. त्याचं खरं नाव गिऱ्हाइकंसुद्धा विसरली होती. जरा खुट्ट झालं की उकळायचा, म्हणून रेडिएटर. तोंडावर तसं म्हणायची हिंमत दोघांचीच: लेथवाल्याची आणि थोरल्या भावाची. त्यातला थोरला जाऊन सहा वर्षं झाली होती.

पण माणूस तोंडाचा कितीही फाटका असला तरी हाताला गुण होता. दहा जणांनी हात टेकलेली जुनी इंजिनं शेवटी त्याच्याकडे यायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाशी धरायची, डोळे मिटायचे आणि आजार सांगायचा. चुकला असं सहसा व्हायचं नाही.

त्या सोमवारी गॅरेजात पुतणीची गाडी उभी होती. बबडी ही थोरल्याची एकुलती एक पोर. नर्सिंग झालेली, घाटापलीकडच्या इस्पितळात नोकरी लागलेली, गुरुवारी दुपारी हजर व्हायचं होतं. सोबत आईलाही तिकडेच नेणार होती. त्यासाठी पठ्ठीनं कोणालाही न विचारता अठरा वर्षांची जुनी गाडी घेतली होती. आणि घेतली तीही नेमकी थोरल्याकडे होती त्याच मॉडेलची.

"काय अक्कल गहाण ठेवली होतीस का?" रेडिएटरनं बॉनेट उघडता उघडता सुरुवात केली. "घरात मिस्त्री बसलाय, त्याला विचारायला काय तोंड दुखत होतं?"

"विचारलं असतं तर तुम्ही घेऊ दिली असतीत का, काका?"

"नाही!"

"म्हणून नाही विचारलं." बबडीनं किल्ली लावली. बापाचा हट्ट आणि काकाचं तोंड, दोन्ही तिनं पुरेपूर उचललं होतं. "सकाळी चालू केली की पुढून काहीतरी वाजतं. ऐका तुम्हीच."

स्टार्टर फिरला. इंजिन पेटलं, आणि पुढच्या बाजूनं आवाज आला. खळखळखळखळ. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा. रेडिएटर मोठ्यानं मोजत होता. "एक, दोन, तीन, चार, पाच." पाचावर आवाज थांबला.

"टायमिंग चेन," तो म्हणाला. "रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली बसतं. सकाळी ते वर चढेपर्यंत चेन सैल असते, म्हणून वाजते. तीन सेकंदं वाजली तर चालतं. तीनच्या पुढे गेली की समजायचं, चेन ओढली गेलीय नाहीतर तिला ताणून धरणारा टेन्शनर मेलाय. अशी गाडी घाटात न्यायची नाही. चेन एक दात घसरली तर इंजिन जागच्या जागी खलास."

"गुरुवारपर्यंत होईल?"

"हा आवाज फक्त थंड इंजिनात येतो. म्हणजे दिवसातून एकदाच तपासता येतो, सकाळी. बघतो."

"तुम्ही केलीत तरच मी नेणार," बबडी म्हणाली. "बाबा म्हणायचे, इंजिन उघडावं तर धाकट्यानंच. बाकीचे नुसते डबे उघडतात."

रेडिएटरनं बॉनेट धाडकन लावलं आणि मग आठवलं की ते उघडंच ठेवायचं होतं.

२

दुपारपर्यंत इंजिनाचं पुढचं झाकण निघालं. लेथवाला चहाचा ग्लास घेऊन येऊन टेकला होता. काम नसलं की त्याला दुसऱ्याचं काम बघायला फार आवडायचं.

चेन तशी चांगली होती. नवी म्हणावी अशीच. मात्र तिच्या दोन कड्यांवर खुणेचे ठिपके होते, आणि ते लाल होते.

आता चेन बसवताना कड्यांवर खूण सगळेच करतात. कोणी पांढरा रंग लावतं, कोणी खडू. थोरला मात्र बायकोचं नेलपॉलिश लावायचा. ऑइलमध्ये विरघळत नाही, असं त्याचं म्हणणं. वहिनीची लाल बाटली कायम त्याच्या खिशात, आणि ठिपका पुसट वाटला की तो स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर लावून बघायचा. सगळी गल्ली त्यावरून त्याची टर उडवायची.

"हे तर थोरल्याचं काम दिसतंय," लेथवाला म्हणाला.

"नेलपॉलिश काय जगात त्याला एकट्यालाच मिळत होतं?" रेडिएटर खेकसला. "आणि असेल त्याचं. केली असेल कधीतरी. हजार गाड्या केल्या त्यानं."

ते पटण्यासारखं होतं. त्यानं स्वतःला ते पटवलंही, आणि टेन्शनरकडे वळला. मग त्याचे हात थांबले.

टेन्शनरमध्ये पिन तशीच होती.

नवा टेन्शनर डब्यातून येतो तेव्हा दाबून बंद केलेला असतो. काडीएवढी एक लोखंडी पिन त्याला तसा धरून ठेवते. चेन बसवून झाली की ती पिन ओढायची, मग टेन्शनर सुटतो आणि चेन ताणतो. पिन राहिली तर सगळं काम फुकट. चेन सैलच राहते, वाजत राहते आणि कधीतरी घसरते. माणूस विसरतो, म्हणून थोरल्यानं गॅरेजात एक रीत घातली होती. ओढलेली पिन टेबलावरच्या खिळ्याला टांगायची, तिला गाडीच्या नंबरची चिठ्ठी बांधायची, आणि मगच किल्लीला हात लावायचा. पिन खिळ्यावर नाही तर गाडी रस्त्यावर नाही. त्या खिळ्यावर वीस वर्षांच्या पिना लटकत होत्या. वारा आला की किणकिणायच्या.

पिन आत ठेवून ही गाडी इतकी वर्षं कशी पळाली असेल? पाचशे किलोमीटर गेली असती तरी खूप. आणि तसं असतं तर सकाळचा आवाज पाचावर थांबलाच नसता. रेडिएटरला उत्तर सापडेना, आणि उत्तर सापडलं नाही की त्याला राग यायचा.

"कुठल्या गाढवानं केलंय हे? हात तोडले पाहिजेत भोसड्याचे!"

"काय झालं?" लेथवाल्यानं मान पुढे केली.

"काही नाही. तू तुझं लेथ बघ. चहा संपला ना? मग नीघ."

लेथवाला गेल्यावर त्यानं पिन ओढली. ती खिळ्यावर टांगायची सोडून त्यानं खिशात टाकली. हात तोडायचेच तर कोणाचे तोडायचे, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

३

सहा वर्षांपूर्वी, अशाच एका सकाळी, थोरल्याच्या स्वतःच्या गाडीची चेन रेडिएटरनं बदलली होती.

त्या सकाळी दोघांत जुंपली होती. कशावरून? एका गिऱ्हाइकाला रेडिएटर वाट्टेल ते बोलला आणि थोरल्यानं चार माणसांत त्याला झापलं. "तोंड सांभाळ धाकट्या, नाहीतर तुझ्या तोंडापायी गॅरेज बुडेल." एवढंच. घरात कोणीही कोणालाही म्हणेल असं. पण रेडिएटरच्या डोक्यात तिडीक गेली. रागाच्या भरात त्यानं चेन चढवली, झाकण लावलं आणि किल्ली थोरल्याच्या अंगावर फेकली.

थोरल्यानं गाडी चालू केली. कोपर खिडकीबाहेर काढून क्षणभर ऐकलं.

"वाजतंय रे," तो म्हणाला.

"थंड आहे, थांबेल. मला शिकवू नकोस."

"अजून वाजतंय."

"वाजू दे! तुला जायचंय ना? मग नीघ!"

थोरला गेला. चौथं सेकंद, पाचवं, सातवं. गाडी फाटकाबाहेर पडली तरी आवाज चालूच होता. रेडिएटरनं मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. पिन नव्हती.

तेव्हा फोन करता आला असता. फोन खिशातच होता. पण सकाळचं ते बोलणं कानात वाजत होतं, आणि तो मनाशी म्हणाला, "येईल परत झक मारत. मग बघतो." ते वाक्य त्यानं नुसतं मनात नाही, मोठ्यानं म्हटलं होतं.

तासाभरानं थोरल्याची गाडी घाटातल्या वळणावर कडेला उभी होती आणि मागून ट्रक आला. ट्रकच्या खाली इतकी चेपली की इंजिनात काय होतं ते बघायला इंजिनच उरलं नाही. बंद पडली असणार, चेन घसरली असणार, रेडिएटरला दुसरी शंका नव्हती. पण तेराव्याला जमलेल्या माणसांत तो ओरडून म्हणाला होता, "वळणावर थांबतं का कोणी? एवढी वर्षं गाडी चालवून एवढी अक्कल नाही?" वहिनी समोरच बसली होती. तिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं.

मेलेल्या माणसावर ठपका ठेवून तो सहा वर्षं जगला, आणि त्या सहा वर्षांत त्याचा राग एक दिवस उतरला नव्हता.

४

मंगळवारी नवी चेन, नवा टेन्शनर, नव्या गाईडपट्ट्या, सगळं आलं. रेडिएटरनं पूर्ण दिवस घालवला. थोरल्याच्या रीतीप्रमाणे पान्यानं इंजिन हातानं दोनदा फिरवलं, खुणा जुळवल्या. पिन ओढायच्या वेळी त्यानं लेथवाल्याला हाक मारून बोलावलं.

"बघ. ओढली. दिसतेय ना?"

"दिसतेय बाबा. सही करून देऊ का?"

चिठ्ठी बांधून पिन खिळ्यावर गेली. झाकण बसलं. गाडी रात्रभर थंड व्हायला उभी राहिली.

बुधवारी सकाळी त्यानं शटरला शिवी दिली नाही. लेथवाल्याला बॉनेटपाशी उभं केलं, स्वतः खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली आणि मोजायला लागला.

खळखळखळखळ.

"एक, दोन, तीन..."

"अरे वा," लेथवाला म्हणाला. "लोण्यासारखं चाललंय."

"चार, पाच, सहा..."

"काय मोजतोयस?"

"ऐकू येत नाही? बहिरा झालास का? सात!"

सातावर आवाज थांबला. लेथवाला त्याच्याकडे बघत राहिला. दिवसभर लेथच्या कर्कश्श आवाजात उभा राहणारा माणूस, कान गेले असतील त्याचे, असं रेडिएटरनं धरून चाललं. मग त्याची नजर खिळ्याकडे गेली. बबडीच्या गाडीच्या नंबरची चिठ्ठी तिथेच होती. दोऱ्याची गाठ जशीच्या तशी होती. गाठीत पिन नव्हती.

झाकण खोलणं म्हणजे दोन तासांचं काम. त्यानं ते एका तासात केलं, बोटं सोलवटून घेतली. पिन टेन्शनरमध्ये होती. नवी, चकचकीत, बरोबर तिच्या भोकात.

त्यानं सरळ जाऊन लेथवाल्याची गळपट्टी धरली. "चेष्टा करतोस? माझ्या पोरीच्या जिवाशी चेष्टा करतोस?"

"सोड! डोकं फिरलंय का तुझं?" लेथवाला घाबरला होता. वीस वर्षांत त्यानं रेडिएटरच्या शिव्या ढिगानं खाल्ल्या होत्या, पण हात कधी उठला नव्हता. "शटरची किल्ली तुझ्याकडे. झाकण तू लावलंस. मी रात्रीतून आत कसा शिरणार, आणि एवढं खोलून परत लावणार कसा?"

हे बरोबर होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच रेडिएटर आणखी चिडला. त्यानं टेबलाला लाथ घातली. खिळ्यावरच्या सगळ्या पिना किणकिणल्या आणि बराच वेळ किणकिणत राहिल्या.

५

दुपारी वहिनी आली. गाडी झाली का विचारायला आले म्हणाली, पण गाडीकडे तिनं बघितलंच नाही. टेबलापाशी उभी राहून खिळ्याकडे बघत होती.

"अजून टांगता तुम्ही पिना," ती म्हणाली.

"रीत आहे गॅरेजची."

"ह्यांची होती." तिनं बोटानं दोन पिना बाजूला सारल्या. "ह्यांच्या गाडीची कुठली हो यातली?"

रेडिएटरची कानशिलं तापली. "वहिनी, एवढ्या ढिगात मला काय माहीत? कामाच्या वेळी येऊन काय हे?"

"तुम्हाला मला काही सांगायचंय का, भाऊजी?"

"काय सांगायचंय? माझ्या कामावर शंका आहे का तुमची? मग न्या दुसरीकडे!"

"शंका नाही," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तिचा कधीच चढायचा नाही. "आम्ही उद्या सकाळी नऊला निघणार. तोवर वेळ आहे तुम्हाला."

ती गेल्यावर त्यानं पुन्हा पिन ओढली आणि झाकण बसवलं. या खेपेला पिन खिळ्यावर टांगली नाही. शर्टाच्या खिशात घातली आणि खिशाचं बटण लावलं. घरी गेल्यावर शर्ट काढेना, तेव्हा बायको म्हणाली, "काय सोनं आहे का त्यात?" तो तिच्यावर असा ओरडला की ती ताट ठेवून आत निघून गेली.

६

गुरुवारी तो आठलाच गॅरेजात होता. बटण लावलेलं. पिन खिशात. त्यानं कापडावरून चाचपून पाहिली आणि त्याला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं.

बॉनेट उघडून तो आत वाकला. ऑइल बघितलं, पट्टे बघितले. आणि तो वाकलेला असतानाच इंजिन चालू झालं.

खळखळखळखळ.

"अरे ए!" तो ओरडला. "मी आत हात घातलाय आणि किल्ली फिरवतोस? बंद कर!"

बॉनेट उभं असलं की पुढची काच झाकली जाते. पण बॉनेटच्या खालच्या कडेला चार बोटं फट राहते, आणि तिच्यातून स्टिअरिंग तेवढं दिसतं. स्टिअरिंगवर एक हात होता. दुसरा दिसत नव्हता, कारण कोपर खिडकीबाहेर होतं. बाही दोन घड्या घातलेली. बोटं थांबून होती, जशी ऐकणाऱ्या माणसाची असतात. अंगठ्याच्या नखावर लाल ठिपका होता.

आठ, नऊ, दहा. आवाज थांबत नव्हता.

"बंद कर म्हणतोय ना!"

"कोणाशी भांडतोयस सकाळी सकाळी?"

लेथवाला त्याच्या पाठीमागे उभा होता. दोन्ही हातांत चहाचे ग्लास. कालचं भांडण मिटवायला आला होता बिचारा.

"इंजिन..." रेडिएटर म्हणाला. "चालू आहे ना?"

"कसलं चालू? किल्ली तुझ्या हातात आहे."

किल्ली खरंच त्याच्या हातात होती. त्यानं इंजिनावर तळवा ठेवला. गार. धावत जाऊन त्यानं दार उघडलं. सीट रिकामी होती. खिडकीची काच मात्र पूर्ण खाली होती, आणि काल जाताना त्यानं ती स्वतः वर केली होती. केली होती ना? त्याला नीट आठवेना.

नऊला बबडी आणि वहिनी सामान घेऊन आल्या. रेडिएटर आडवा आला. "गाडी जाणार नाही."

"म्हणजे? काका, मला दुपारी हजर व्हायचंय!"

"नाही म्हणजे नाही."

बबडीनं त्याच्या हातातून किल्ली हिसकावली, आत बसली आणि गाडी चालू केली. तिला आवाज ऐकू आला नाही, तिच्या चेहऱ्यावरून दिसतच होतं. त्याला आला. त्यानं पंधरापर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडलं.

"किती मस्त चाललीय! काय झालंय हिला? सांगा ना, काय झालंय?"

सांगायचं काय? पिन आपोआप आत जाते? तुझा बाप गाडीत बसलाय? आणि त्याच्याही आधीचं जे सांगायला हवं होतं ते तर सहा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या जागी नेहमीसारखा राग बाहेर पडला.

"झालंय ते झालंय! तुला काय कळतं इंजिनातलं? कालची पोर, मला विचारते?"

"बाबांवरही असेच ओरडायचात तुम्ही!" बबडीचे डोळे भरून आले, पण आवाज खाली आला नाही. "शेवटच्या दिवशीसुद्धा! सगळ्या गल्लीनं ऐकलंय!"

"तुला जायचंय ना? मग नीघ!"

शब्द तोंडातून गेल्यावर तो जागीच थिजला. बबडीनं गिअर टाकला. शेजारी बसलेली वहिनी त्याच्याकडेच बघत होती. "निघतो आम्ही, भाऊजी," ती म्हणाली. "फोन करा."

गाडी फाटकाबाहेर पडली. खळखळ वळणापर्यंत ऐकू येत राहिली. रेडिएटरचा हात खिशाकडे गेला. बटण लावलेलं होतं. खिसा रिकामा होता.

७

तरीही तो स्टुलावर जाऊन बसला. तुम्ही म्हणाल, कसला माणूस! पण राग हा असाच. जिभेवर पोरीचं ते बोलणं कडू लागत होतं. सगळ्या गल्लीसमोर बोलली. थोरल्यासारखीच. बापावर गेलीय. लेथवाल्यानं चहा पुढे केला, तो यानं घेतला नाही.

"पोरगी रडत गेली रे," लेथवाला म्हणाला. "फोन तरी कर."

"मी का करू? येईल परत झक मारत. मग ब..."

अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. पाऊण तास झाला होता. अर्ध्या तासात घाट लागतो.

घाईत फोन दोनदा हातातून पडला. पलीकडे वाजत राहिला, वाजत राहिला. मग उचलला गेला.

"बबडे, गाडी थांबव! खाली उतरा दोघी! पिन आत आहे!"

"थांबलोय, भाऊजी." वहिनीचा आवाज होता. "कधीच्या थांबलोय. मीच म्हटलं बबडीला, थांब, काकांचा फोन येईल."

"कुठे थांबलात?"

"वळणावर. त्याच."

"वहिनी!" तो किंचाळला. "तिथून निघा! नाही, निघू नका! गाडीत बसू नका! ऐका, त्या दिवशी दादाच्या गाडीत... पिन मी काढली नव्हती. मी विसरलो. आणि मला कळलं होतं, तो फाटकाबाहेर पडला तेव्हाच कळलं होतं. मी फोन केला नाही. रागात होतो. म्हटलं येईल झक मारत. वहिनी, मी मारलं त्याला."

पलीकडे वारा होता आणि दूरवर चढणारं एखादं अवजड वाहन.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "ह्यांनी मला फोन केला होता इथून. म्हणाले, गाडी वाजतेय, धाकट्यानं पिन ठेवलीय आत. गाडी चांगली चालू होती, भाऊजी, बंदबिंद पडली नव्हती. मी म्हटलं, थांबा, मी सांगते भाऊजींना. तर म्हणाले, नको, तू सांगू नकोस, त्याला ओशाळल्यासारखं होईल. त्याचं लक्ष खिळ्याकडे जाईलच. करेल तो स्वतःच फोन. तोवर थांबतो इथे कडेला."

रेडिएटरनं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"तुमच्या फोनची वाट बघत बसले होते. म्हणून थांबले होते वळणावर. आणि तुम्ही तेराव्याला म्हणालात, अक्कल नाही."

लेथवाला समोर उभा होता, काहीतरी विचारत होता. रेडिएटरला त्याचं ऐकू येत नव्हतं. त्याला फोनमधून दुसरंच ऐकू येत होतं. खळखळखळखळ.

"वहिनी, इंजिन बंद करा आधी! बबडीला सांगा, बंद कर म्हणावं!"

"बंदच आहे. आम्ही दोघी कठड्यापलीकडे उभ्या आहोत. बबडी सामान काढतेय." वहिनीचा आवाज कापला, सहा वर्षांत पहिल्यांदा. "किल्ली माझ्या हातात आहे, भाऊजी. पण तुम्हालाही ऐकू येतंय ना? मला वाटायचं मलाच येतं. रोज सकाळी येतं."

तो रडत होता, पण त्याला ते कळलं नव्हतं.

"माझी माफी नका मागू," ती म्हणाली. "माझ्याशी बोलून थांबत नाही ते. सहा वर्षं बोलून बघितलं. मी फोन खिडकीपाशी धरते. काच खालीच आहे."

पावलं वाजली. खडी करकरली. आवाज जवळ आला, इतका जवळ की कानाशी स्क्रूड्रायव्हरची मूठ धरल्यासारखा, आणि त्या आवाजाच्या आत कोणीतरी बोलायचं थांबून ऐकत होतं.

"दादा," रेडिएटर म्हणाला. "पिन राहिली माझी."

खळखळ चालू होती. त्यानं सवयीनं मोजलं. एक. दोन. तीन.

थांबली.

मग घाटात ट्रकचा हॉर्न वाजला, अगदी फोनमध्ये असल्यासारखा. त्यानं श्वास रोखला. ट्रक जवळ आला, वळणावर आला, आणि गेला. बबडी लांबून "आई, कोणाशी बोलतेयस?" म्हणाली. वहिनी हुंदके देत होती.

"तिथेच थांबा," रेडिएटर म्हणाला. "कठड्यापलीकडेच. मी येतो."

पान्यांची पेटी उचलायला तो टेबलापाशी आला, आणि आपसूक खिळ्याकडे पाहिलं. सगळ्यांत पुढे एक पिन लटकत होती. तिला चिठ्ठी होती, थोरल्याच्या गाडीच्या नंबरची, थोरल्याच्याच अक्षरात. वारा नव्हता, तरी ती हलत होती. त्यानं हात लावून ती थांबवली. बोटाला ऑइल लागलं. ते अजून गरम होतं.